रानडुक्कर, बिबट्या आणि बंदुकीची गोळी
जनावराप्रमाणे गोळी का बदलते? परवानाधारक शेतकऱ्याला शास्त्र आणि कायदा काय सांगतो?

परंदवडी (ता. मावळ) : भात दुधात आले की मावळातल्या खाचरांवर राखण सुरू होते. दिवसा पाखरांची आणि रात्री रानडुकरांची. सोमाटणे, शिरगाव, परंदवडी या पट्ट्यात एका बाजूला द्रुतगती मार्ग, गृहप्रकल्प आणि कारखाने वाढत आहेत. दुसऱ्या बाजूला डोंगरउतारावरची झाडी आणि ओढ्याकाठचा ऊस अजून टिकून आहे. रानडुकराला एवढा आडोसा पुरेसा होतो. एका रात्रीत कळपाने खाचर तुडवले, की वर्षाच्या घरच्या तांदळाचा हिशेब चुकतो. त्यातच मावळात बिबट्याच्या वावराची भर पडली आहे.

अशा वेळी घरातल्या परवान्याच्या बंदुकीकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. बारा बोअरची दुनळी, आजोबांच्या काळातली ठासणीची बंदूक किंवा एखाद्याकडे असलेली ३१५ बोअरची रायफल. ‘बंदूक आहे, काडतूस आहे, मग अडचण काय?’ असा प्रश्न पारावर विचारला जातो. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली कायद्याची, दुसरी गोळीची. कायद्याची चर्चा अधूनमधून होते. गोळीची मात्र फारशी होत नाही. वास्तविक चुकीच्या गोळीने जनावर मरत नाही, जखमी होते. आणि जखमी रानडुक्कर किंवा जखमी बिबट्या हा धडधाकट जनावरापेक्षा कितीतरी अधिक धोकादायक असतो.

गोळी नेमके काय करते?

गोळीच्या आवाजाने किंवा धक्क्याने जनावर कोसळते, असा एक समज आहे. तो खरा नाही. गोळी हृदय, फुप्फुसे, मेंदू किंवा मणका यांपैकी एखाद्या अवयवापर्यंत पोचली आणि तिथे पुरेशी इजा झाली, तरच जनावर लवकर मरते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. गोळीने पुरेसे खोल जायला हवे आणि जाताना रुंद जखम करायला हवी. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत. गोळी पुढे पसरली की जखम रुंद होते, पण तिचा वेग लवकर संपतो. ती पसरली नाही तर खोल जाते, पण जखम अरुंद राहते आणि बरेचदा गोळी आरपार निघून जाते. गोळ्यांचे सारे प्रकार या एका पेचातून जन्माला आले आहेत.

यात वजन आणि वेग यांचाही हिशेब असतो. गोळीचे वजन परंपरेने ‘ग्रेन’ या मापात सांगतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. नेमबाजीच्या सरावात वापरल्या जाणाऱ्या पॉइंट २२ रायफलीची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची असते. सेकंदाला ३३० मीटर वेग धरला तर तिची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल भरते. आफ्रिकेत रानरेड्यासारख्या जनावरांसाठी प्रसिद्ध असलेल्या पॉइंट ३७५ मॅग्नमची गोळी ३०० ग्रेनची. तिची ऊर्जा साडेपाच हजार ज्यूलच्या वर जाते. म्हणजे जवळपास चाळीसपट. पॉइंट २२ची गोळी रानडुकराला लागली तर जनावर तडफडत उसात शिरेल आणि कदाचित काही दिवसांनी मरेल. तोवर त्या उसात पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका असतो.

मऊ टोक, कठीण कवच

गोळ्यांचे ढोबळमानाने पाच प्रकार सांगता येतात.

पहिली साधी शिशाची गोळी. ठासणीच्या बंदुकीत हीच वापरली जात असे. शिसे जड आणि मऊ असते. कमी वेगात ते उत्तम काम देते. वेग वाढला की मात्र नळीत शिशाचे थर साचतात आणि गोळीचा आकार टिकत नाही.

दुसरी पूर्ण कवचाची गोळी. शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते आणि टोकही झाकलेले असते. लष्करी गोळ्या या जातीच्या. त्या पसरत नाहीत, शरीरातून आरपार जातात आणि पलीकडेही घातक राहतात.

तिसरी मऊ टोकाची गोळी, जिला शिकारीच्या बोलीत ‘सॉफ्ट नोज’ म्हणतात. हिच्या टोकाला शिसे उघडे ठेवलेले असते. शरीरात शिरताच टोक भूछत्रासारखे पसरते. पोकळ टोकाची गोळी हा याच तत्त्वाचा दुसरा आविष्कार.

चौथी नियंत्रित पसरणारी गोळी. मऊ टोकाची गोळी जाड हाडावर आदळली की कधी कधी फुटून तिचे तुकडे होतात. अमेरिकी शिकारी जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये मूस जातीच्या मोठ्या सांबरावर हाच अनुभव आला. त्यातून त्यांनी मधोमध धातूचा पडदा असलेली ‘पार्टिशन’ गोळी तयार केली. तिचा पुढचा भाग पसरतो, मागचा अखंड राहून खोल जातो. पुढे शिसे आणि कवच एकमेकांना सांधलेल्या गोळ्या आल्या आणि त्यानंतर शिसे अजिबात नसलेल्या, संपूर्ण तांब्याच्या पसरणाऱ्या गोळ्याही आल्या.

पाचवी ‘सॉलिड’. पितळेची किंवा तांब्याची अखंड, अथवा पोलादी कवचाची ही गोळी मुळीच पसरत नाही. हत्तीच्या कवटीतले मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सच्छिद्र हाड भेदायचे असेल, तर सरळ रेषेत खोल जाणारी हीच गोळी चालते. स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी आफ्रिकेत हजारांवर हत्ती मारले. त्यांतले बहुतेक तुलनेने लहान अशा ७ मिलिमीटर व्यासाच्या, पण न पसरणाऱ्या गोळीने मारले, हे नेमबाजीच्या इतिहासात नमूद आहे.

डमडम ते खडकी

मऊ टोकाच्या गोळीचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत पूर्ण कवचाची पॉइंट ३०३ गोळी शत्रूला थोपवत नाही, अशी इंग्रज सैन्याची तक्रार होती. त्यावर कोलकात्याजवळच्या डमडम येथील दारूगोळा कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचे कवच काढून शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. तिने होणाऱ्या जखमा इतक्या भयंकर होत्या, की १८९९ च्या हेग परिषदेत पसरणाऱ्या गोळ्यांना युद्धात बंदी घालणारा जाहीरनामा निघाला. ‘डमडम’ हा शब्द तेव्हापासून जगभर बदनाम झाला.

शिकारीत मात्र नियम नेमका उलटा आहे. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीणविषयक कायद्याने रायफलीने हरीण मारताना मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी सक्तीची केली. युद्धात जे क्रूर ठरले ते शिकारीत बंधनकारक का? कारण तिथे हेतू निराळा आहे. जनावराला यातना न होता लवकर मरण यावे आणि गोळी आरपार जाऊन पलीकडच्या माणसाला लागू नये, अशी दुहेरी अपेक्षा त्यामागे आहे.

मावळाला या इतिहासाचा आणखी एक जवळचा धागा आहे. परंदवडीहून पुण्याकडे निघाले की वाटेत खडकी लागते. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. लष्करी दारूगोळ्याबरोबर नागरी परवानाधारकांची काडतुसेही या कारखान्याने पुरवली. काडतुसाच्या बुडावरील ‘केएफ’ ही अक्षरे म्हणजे ‘किरकी फॅक्टरी’. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन झाल्यावर हा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे आला. पॉइंट ३०३ सारखे लष्करी बोअर सामान्य नागरिकांना निषिद्ध असल्याने देशात ३१५ बोअरची रायफल रूढ झाली. तिची मऊ टोकाची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमची असते.

जनावर तशी गोळी

बिबट्याचे वजन साधारण ५० ते ७० किलो. कातडी पातळ, हाडे हलकी, स्नायू चपळ. त्याला भारी बोअरची गरज नसते. लवकर पसरणारी गोळी आणि नेमका नेम यांची गरज असते. जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला, तो पॉइंट २७५ रिग्बी या हलक्या रायफलीने. ही रायफल त्यांना १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीच्या शिकारीनंतर भेट मिळाली होती. वाघासारख्या मोठ्या जनावरासाठी त्यांच्याकडे पॉइंट ४५०/४०० ची भारी दुनळी रायफलही असे. जनावर पाहून हत्यार निवडण्याचा हा धडा आजही लागू आहे.

रानडुकराची गोष्ट वेगळी आहे. पूर्ण वाढलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारख्या चिवट थराची ढालच असते. नरांच्या आपसातल्या झुंजीत सुळ्यांपासून तिनेच त्याचे रक्षण होते. हलकी आणि चटकन पसरणारी गोळी या ढालीवरच संपते. जनावर पळते किंवा उलटून येते. म्हणून रानडुकरासाठी वजनदार आणि नियंत्रित पसरणारी गोळी योग्य मानतात.

गवा हे महाराष्ट्रातले सर्वांत अवजड रानजनावर, हत्तीचा अपवाद वगळता. मोठ्या नराचे वजन आठशे ते हजार किलोपर्यंत जाते. अशा देहात हृदयापर्यंत पोचायला जाड कातडी, स्नायू आणि बरगड्या पार कराव्या लागतात. आफ्रिकेतील अनेक देशांनी अशा जनावरांसाठी पॉइंट ३७५ ही किमान मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात गव्याला गोळी घालण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. हत्तीबाबतही तेच. सिंधुदुर्गात २००२ पासून आणि गडचिरोलीत २०२१ पासून हत्तींचा वावर आहे; तिथे उत्तर शोधायचे ते हुसकावणे, पकडणे आणि भरपाई यांतूनच.

बारा बोअरची मर्यादा

मावळातल्या घरांत परवान्याची बंदूक असलीच तर ती बहुधा बारा बोअरची. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यांतल्या एका गोळ्याचा जो व्यास, तो या नळीचा व्यास. सुमारे साडेअठरा मिलिमीटर. नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीसारखे आटे तिला नसतात. त्यामुळे गोळीला फिरकी मिळत नाही आणि नेम दूरवर टिकत नाही.

या बंदुकीत पाखरांसाठी बारीक छर्ऱ्यांचे आणि मोठ्या जनावरासाठी ‘एसजी’ वा ‘एलजी’ या जाड छर्ऱ्यांचे काडतूस वापरतात. एसजीचा छर्रा सुमारे साडेआठ मिलिमीटरचा, एलजीचा नऊ मिलिमीटरच्या आसपास. एका काडतुसात असे मोजकेच छर्रे मावतात. बार उडाला की ते फाकत जातात. तीस-पस्तीस मीटरपलीकडे त्यांतला एखादाच जनावराला लागतो आणि त्याच्यात ढाल भेदण्याची ताकद उरत नाही. बारीक छर्ऱ्यांनी तर रानडुक्कर केवळ जखमी होते. रात्री, विजेरीच्या उजेडात, हलत्या कळपावर मारलेला बार बहुतेक वेळा याच प्रकारात मोडतो.

रायफलीची अडचण याच्या उलट. तिची गोळी नेम चुकल्यास तीन किलोमीटरहून अधिक अंतर जाऊ शकते. दगडावर किंवा ओल्या खाचराच्या पाण्यावर आपटून तिची दिशा बदलते. ज्या शिवारात एका अंगाला द्रुतगती मार्ग आणि दुसऱ्या अंगाला वस्ती आहे, तिथे गोळीमागे मातीचा उतार नसेल तर ती कुठे थांबेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. परंदवडीसारख्या गावात गोळीच्या जातीइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा प्रश्न गोळीच्या वाटेचा आहे.

पिंपरखेड आणि बोराटी

पुणे जिल्ह्यानेच याचे अलीकडचे उदाहरण पाहिले आहे. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर ते नोव्हेंबर २०२५ या काळात, अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यात एक चिमुरडी, एक वृद्धा आणि एक शाळकरी मुलगा असे तीन बळी गेले. ग्रामस्थांनी महामार्ग रोखला. त्यानंतर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वन विभागाच्या पथकाने नेमबाजांच्या मदतीने बिबट्याचा माग काढला. आधी बेशुद्धीच्या औषधाचा डार्ट मारण्यात आला. तो निष्फळ ठरला आणि बिबट्या चाल करून आला, तेव्हा गोळी झाडण्यात आली. डार्ट ही गोळी नव्हे. त्यातले औषध चढायला काही मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात चवताळलेले जनावर काहीही करू शकते. म्हणूनच डार्ट मारणाऱ्याच्या मागे रायफलधारी उभा ठेवावा लागतो.

यवतमाळ जिल्ह्यातील ‘अवनी’ वाघिणीचे प्रकरण दुसरी बाजू दाखवते. १३ जणांच्या मृत्यूस कारणीभूत मानली गेलेली ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात मारली गेली. डार्ट खरोखर मारला होता का, गोळी लागली तेव्हा वाघिणीचे तोंड कोणीकडे होते, यावर देशभर वाद झाला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकानेही कार्यपद्धतीच्या उल्लंघनावर बोट ठेवले. शवविच्छेदनात गोळीचा मार्ग, कोन आणि जखम हे सारे उघड होते. गोळी बोलते, असे म्हणतात ते याच अर्थाने.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार संरक्षित वन्यप्राण्याची शिकार निषिद्ध आहे. ‘शिकार’ या शब्दात मारणे, जखमी करणे, सापळा लावणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे हे सारे येते. कलम ११ मध्ये मोजके अपवाद आहेत. बिबट्या किंवा वाघासारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी मानवी जिवाला धोकादायक झाला आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन मारण्याची परवानगी देऊ शकतात. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याच्याबाबत उभ्या पिकाचे नुकसान हेही कारण ग्राह्य आहे आणि प्राधिकृत अधिकारी परवानगी देऊ शकतो. राज्य शासनाने २०१५ मध्ये रोही व रानडुक्कर यांच्यासाठी अशा परवानगीची कार्यपद्धती ठरवली.

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने प्राणी मारला वा जखमी झाला, तर तो गुन्हा ठरत नाही. मात्र त्या वेळी ती व्यक्ती याच कायद्याचा भंग करीत असता कामा नये. म्हणजे विनापरवाना डुकराच्या शिकारीला गेलेल्याने बिबट्या अंगावर आला म्हणून गोळी घातली, तर या संरक्षणाचा लाभ मिळणार नाही. अशा प्रकारे मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

शस्त्र परवान्याची बाब याहून स्वतंत्र आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. हा गैरसमज अनेकांना न्यायालयापर्यंत घेऊन जातो. पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीत, ज्यात शिरगाव-परंदवडी पोलीस ठाणेही येते, शस्त्र परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत. वन्यप्राण्याबाबतची परवानगी मात्र वन विभागाकडूनच घ्यावी लागते.

गोळीआधीचे उपाय

बंदूक नाही म्हणून काही ठिकाणी खाद्यात स्फोटके दडवणे किंवा कुंपणात थेट वीजप्रवाह सोडणे असे प्रकार होतात. केरळमध्ये मे २०२० मध्ये अशाच स्फोटकाने गर्भवती हत्तीण दगावली. डुकरासाठी ठेवलेल्या अशा जिनसा गाई, कुत्री आणि मुले यांच्याही जिवावर उठतात. वीजप्रवाहाच्या कुंपणाने तर शेजारचा शेतकरीच बळी पडू शकतो आणि गुन्हा सदोष मनुष्यवधाचा होऊ शकतो.

शिशाच्या गोळीचा आणखी एक परिणाम उशिरा लक्षात आला. फुटलेल्या शिशाचे कण जनावराच्या मांसात पसरतात आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने याच कारणाने जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. महाराष्ट्रात गिधाडे आधीच दुर्मीळ झाली असताना हा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही.

शेतकऱ्याच्या हाती आज उरतात ते उपाय जुनेच आहेत, पण ते एकत्रितपणे केल्यास उपयोगी पडतात. शेजारच्या खाचरांची सामायिक राखण, सौर कुंपणाचा सौम्य झटका, शेताभोवतीची झाडी मोकळी ठेवणे, गावालगतचा कचरा हटवणे आणि नुकसान होताच वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घेणे. बिबट्या दिसल्यास किंवा जखमी जनावर उसात शिरल्याची शंका आल्यास गर्दी न करता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. परवानगी मिळाली आणि गोळी झाडायचीच वेळ आली, तर ती प्रशिक्षित नेमबाजाने, योग्य जातीच्या गोळीने आणि पाठीमागे मातीचा आडोसा असतानाच झाडावी.

थोडक्यात

- बिबट्या : पातळ कातडी, हलकी हाडे. लवकर पसरणारी गोळी. निर्णय केवळ मुख्य वन्यजीव रक्षकांचा.
- रानडुक्कर : खांद्यावर चिवट ढाल. वजनदार, नियंत्रित पसरणारी गोळी, परवानगी बंधनकारक.
- पूर्ण कवचाची गोळी : आरपार जाते. वस्तीजवळ सर्वांत धोकादायक.
- पॉइंट २२ आणि बारीक छर्रे : जनावर जखमी होते, मरत नाही.
- बारा बोअर, जाड छर्रे : तीस-पस्तीस मीटरपलीकडे भरवसा नाही.
- जखमी जनावराचा माग रात्री किंवा उसात एकट्याने काढू नये.